फांदीसकट बांदा

रुख्माबाईचा एकच हेका: बांदा फांदीसकटच तोडायचा. बांदा म्हणजे जमिनीत मूळ न धरता झाडाच्या फांदीवर वाढणारं झुडूप. मोहावर बसो की कुचल्यावर, पान सारखंच. पण आमच्या सालेकसाच्या रानात लोक मानतात, की ज्या झाडावर बसला त्याचा गुण तो ओढून घेतो. मोहावरचा बाळंतिणीच्या अंगदुखीला काढा करून द्यायचा. कुचल्यावरचा हिवतापाला, तोही चिमूटभर. जास्त गेला तर माणूस आखडून मरतो. कुचल्याची बी आम्ही पिसाळलेल्या कुत्र्याला घालतो, यातच समजा. म्हणून प्रत्येक बांद्याला त्याच्या झाडाच्या फांदीचा तुकडा राहू द्यायचा, म्हणजे कोणता कुठला ते कळतं.

मी गीताबाई, तिची शेजारीण. आमच्या घरांच्या मध्ये एक कूड तेवढा. नवरा गेल्यावर या बाईने बांदे विकून एकुलत्या एका पोराला, यादोरावला, वाढवलं. बोलायची कमी. माझ्यासारखी फटकळ तर मुळीच नाही.

छप्पन सालच्या हिवाळ्यात यादोरावने अक्कल पाजळली. बांदे विकत घेणारा दुकानदार त्याला म्हणाला, लाकूड नको, साफ पाला आण. आई रानात गेलेली बघून याने घरातल्या मोहाच्या आणि कुचल्याच्या, दोन्ही ढिगांच्या फांद्या छाटल्या, चुलीत घातल्या, आणि दुकानदाराने दिलेल्या चिठ्ठ्या गठ्ठ्यांना बांधल्या. दोन्हींवर एकच शब्द: बांदा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

त्याच आठवड्यात त्याची बायको शामकला बाळंत झाली होती. त्याच दुपारी तिची कंबर अशी ठणकायला लागली की बिचारीला कूस बदलवेना. यादोरावने एका गठ्ठ्यातला पाला उकळला. काढा पेल्यात ओतत होता, तेवढ्यात रुख्माबाई रानातून आली. तिने चुलीजवळचा गठ्ठा उलटापालटा केला आणि फांदी कुठं म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. बाईचं तोंड पांढरं पडलं.

तिने पेला सुनेच्या हाताशी जाऊ दिला नाही. यादोराव म्हणे, दाराकडचा ढीग मोहाचा होता, मला पक्कं आठवतं. आयाबाया जमल्या. जी ती उंटावरची शहाणी. कोणी पान चुरगळून हुंगलं, कोणी उजेडात धरलं, आणि मोहाचंच म्हणून सांगितलं. रुख्माबाई मात्र म्हणाली, मला ओळखता येत नाही. शामकला कण्हत होती. द्या हो, काय व्हायचं ते होऊ द्या, असं तीच म्हणायला लागली. यादोराव भडकला. बायको मरून राहिली अन् माय पानं पाहून राहिली, असं चारचौघींत बोलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण शामकलाचे हाल मलाही बघवत नव्हते.

रुख्माबाईने पेला उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"तुले पक्कं मालूम हाय ना? मंग पह्यले तू पी."

त्याने झटक्यात पेला घेतला. ओठाला लावला. आम्ही सगळ्या त्याच्या गळ्याकडे बघत होतो. घोट काही उतरला नाही. काढा बोटांवर सांडला. मग त्याने पेला खाली ठेवला.

"थंडा होऊ दे," तो म्हणाला.

शामकला खाटेवरून बघत होती. तिचं कण्हणं थांबलं होतं. तिने लेकराला जवळ ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

रुख्माबाईने काढा आणि दोन्ही गठ्ठे खड्ड्यात पुरले. विटा तापवून सुनेची कंबर रोज शेकली. हळूहळू शामकला उठून कामाला लागली. तो काढा मोहाचा होता की कुचल्याचा, देव जाणे. पण यादोराव कधी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला, की ती म्हणायची, ठेवा. मग स्वतः उठून माठातलं दुसरं पाणी घ्यायची. पुढं अजून दोन लेकरं झाली, तरी तसंच.