ज्या घरचा कागद, त्या घरचं फडकं

अन्याय झाला तो जत तालुक्यातल्या मायाप्पा धनगराच्या घरावर. झाला तो दुष्काळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, बेंदराच्या सणाआधीच्या रविवारी, संध्याकाळी, आमच्या गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला. कुणी काठी उगारली नाही, कुणी शिवी दिली नाही. टाळ्यांच्या कडकडाटात तो अन्याय झाला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

अशी सुरुवात करायला मला सिस्टरनी शिकवलं. आमचं युवक मंडळ तेव्हा आठवड्याला एक पत्रक काढायचं. सायक्लोस्टाइलची शाई नखांत घेऊन मी गावभर हिंडायचो आणि एक प्रत वाचनालयाच्या माडीवर नेऊन द्यायचो. सिस्टर चष्मा वर सरकवून वाचायच्या आणि विचारायच्या, "काय रे पुढारी, 'शोषितांवर युगानुयुगे अन्याय होत आहे' म्हणतोस. कुठल्या शोषितावर? त्याला नाव नाही? गाव नाही? कुठल्या दिवशी झाला?" मी तावातावानं काहीतरी बोलायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "वॉर्डात पेशंट आला की आधी नाव लिहितात, मग वेळ. कण्हणं नंतर. तूही कुणावर आणि कधी ते पहिल्या ओळीत सांग. बोंब मागाहून मार."

सिस्टरनी मिरजेच्या दवाखान्यात उभी हयात नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्या भाचीकडे आमच्या गावी राहायला आल्या. त्यांचं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पांढरं पातळ, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, आणि दारातल्या माणसाला पहिला प्रश्न, "हात धुतले?" जिन्याच्या तोंडाशी एक बादली, एक तांब्या आणि साबणाची वडी असे. त्याला फाटा देऊन कुणी आत आलं नाही. वाचनालयाचे अध्यक्ष एकदा पाहुणे घेऊन आले, तर पाहुण्यांसकट त्यांना परत जिन्यापाशी पाठवलं. एका म्हातारीनं मिश्री लावलेल्या बोटानं कागद उचलला, तेव्हा सिस्टर एवढ्या कडाडल्या की खाली वर्तमानपत्र वाचणारी माणसं माना वर करून बघायला लागली. गोड बोलणं हा त्यांचा विषय नव्हता. चहासुद्धा स्वतःपुरता करायच्या.

त्या माडीवर त्यांनी गावोगावच्या घरांचे कागद सांभाळले. कुणाची वाटणीपत्रं, कुणाच्या लग्नातल्या आहेराच्या याद्या, कुणाच्या पोराची पलटणीतून आलेली पत्रं. हे वेड दवाखान्यातच लागलं. मायाप्पा नावाचा एक मेंढका त्यांच्या वॉर्डात वारला. उशाला घोंगडीच्या तुकड्यात बांधलेला एक जुना शिक्क्याचा कागद ठेवून गेला. न्यायला कुणी आलं नाही. सिस्टर मूळच्या जतकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. सुट्टी काढून त्या तो कागद घेऊन मायाप्पाच्या पालावर गेल्या. त्याच्या लेकानं, बिराप्पानं, कागद हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला. "सिस्टर, तुमीच ठिवा. आमचं पाल आज हितं, उद्या तितं. एका वळवात ह्याचा चिखुल हुईल. लागंल तवा मागू."

त्या घोंगडीच्या तुकड्यावरून सिस्टरनी आपली रीत ठरवली. ज्या घरचा कागद, त्या घरचं फडकं. कागद द्यायचा तर घरातलं जुनेर द्यायचं. मग कपाटात कुणाच्या धोतराचं पान, कुणाच्या आजीच्या इरकलीचा काठ, कुणाचा विरलेला फेटा. सातारकडच्या फौजी घरांतून पायाला गुंडाळायच्या खाकी पट्ट्या आल्या. कागदावर सिस्टरनी कधी नंबर घातला नाही. "कपडा बघितला की घरचं माणूस ओळखतं. तुझा नंबर कोण ओळखणार?" मी म्हणालो, हे शास्त्रीय नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या पत्रकांसाठी फडकं आण आधी. मग शास्त्र सांग." मी माझा फाटका सदरा दिला. माझी सगळी पत्रकं त्यात बांधली गेली, आणि खरं सांगतो, छातीवर पदक लावल्यासारखं वाटलं.

आता त्या रविवारचं सांगतो.

आमच्या भागात सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही. शाल, श्रीफळ आणि हातात द्यायला काहीतरी मानाची वस्तू. त्या वर्षी पाहुणे मोप बोलावलेले, सातारचे, सांगलीचे, कराडचे. कुणी साहेब, कुणी संचालक, कुणी फौजेतून आलेले. वाचनालयाची गंगाजळी आटलेली. तेव्हा समितीतल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, माडीवर एवढे कागद धूळ खात पडलेत, शिक्के असलेले निवडू, काचेच्या चौकटीत बसवू. ऐतिहासिक होईल आणि स्वस्तही. सिस्टर तेव्हा मोतीबिंदू काढायला मिरजेला गेल्या होत्या. कपाटाची दुसरी किल्ली अध्यक्षांकडे होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सिस्टर परतल्या. एका डोळ्यावर हिरवं झापड, दुसऱ्याला धड दिसत नव्हतं. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. व्यासपीठावर एकेक नाव पुकारलं जात होतं, शाल, नारळ, चौकट. आमच्या आबांचं, माझ्या वडिलांचं, नाव आलं. आबा सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झालेले, घरची उसाची शेती, गावात शब्दाला वजन. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. "काय दिलं रे?" सिस्टरनी विचारलं. "काहीतरी फोटो फ्रेम आहे," मी म्हणालो. मला चौकट दिसत होती, तिच्यावरचा शिक्का चमकत होता. मी दुसऱ्यांदा बघितलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं, सुभेदारांचा मान झाला." आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं. शिक्क्यांच्या कागदांची फडकी जागच्या जागी होती, रिकामी. एवढंच की ती कुणीतरी व्यवस्थित घडी घालून ठेवली होती. मी पोचलो तेव्हा सिस्टर घोंगडीचा तुकडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओरडल्या नाहीत. तेच मला सोसलं नाही. "मीपण टाळ्या वाजवल्या रे," एवढंच म्हणाल्या.

आम्ही अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "सिस्टर, आवं कपाटात कोण बघत होतं ते कागद? आता मोठ्या माणसांच्या बैठकीत लागले. कागदांचा सन्मानच झाला की!" कुणाला कुठला कागद गेला, हे विचारलं तर म्हणाले, "ते कुठं लिहून ठेवणार? घाई होती." सिस्टर उठल्या. चहा तसाच राहिला. दारात वळून म्हणाल्या, "अध्यक्ष, दुसऱ्याचं पोर उचलून पाहुण्याला दत्तक द्यायचं, आणि वर म्हणायचं, पोराचा मान झाला!"

मी त्या रात्री घरी चौकट मागितली. आबांनी ती बैठकीत स्वतःच्या फौजेतल्या फोटोच्या वर लावली होती. राजमुकुटाचा शिक्का, खाली इंग्रजी. आबांना वाटलं होतं, दरबाराची सनद असेल.

"सत्काराची वस्तू माघारी मागत्यात व्हय कुटं? लोक थुकतील तोंडावर."

"आबा, ती दुसऱ्या घरची आहे."

"मला समितीनं दिली. पब्लिकसमोर दिली. तुजी पत्रकं बाहीर वाट, घरात न्हाई."

मी जगाला जाब विचारणारा, आबांसमोरून उठलो आणि सकाळी चौकटीतल्या कागदाची खूण तेवढी सिस्टरना सांगून आलो. सिस्टर आल्या दोन दिवसांनी, झापडासकट, भाचीचा हात धरून. बसल्या नाहीत. पिशवीतून एक खाकी पट्टी काढली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. आबांनी ती उचलली, नकळत बोटांवर गुंडाळली, जशी पायाला गुंडाळतात तशी.

"ही कुणाची?"

"खटावकडच्या एका शिपायाची. पहिल्या जर्मन लढाईतून परत आला नाही. भिंतीवर आहे तो त्याच्या बायकोच्या पेन्शनचा कागद. तिच्या नातीनं मला दिला होता."

आबांनी बोटांवरची पट्टी उलगडली आणि घडी घालून ठेवली. मग कुणाला न विचारता खुर्चीवर चढले आणि चौकट उतरवली. "दुसऱ्या जवानाच्या बायकूचं पेन्शन माज्या डोस्क्यावर टांगलं व्हतं," एवढंच म्हणाले आणि परड्यात निघून गेले. मी चौकटीच्या मागचे खिळे काढले. कागद पुठ्ठ्याला खळीनं चिकटवलेला होता. चौकटीत बसावा म्हणून खालची पट्टी कापून टाकलेली. तिथं त्या बाईचा अंगठा होता.

सिस्टरनी हात धुवायला पाणी मागितलं. आमच्या बैठकीत उभं राहून हात धुतले, पुसले, कागद पट्टीत गुंडाळला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाय कापून आला. पण आला."

मायाप्पाचा कागद मात्र सापडला नाही.

आणि तोच हवा होता. मायाप्पाच्या घरची मेंढरं दरसाल जतहून कृष्णाकाठाला येतात. वाटेवरच्या एका गावानं त्यांच्या पूर्वजांना लिहून दिलं होतं, की येता-जाता तळ्यावर मेंढरं पाजावीत, दोन रात्री बसावं, बदल्यात गावच्या रानात मेंढरं बसवून खत द्यावं. आता त्या गावात ऊस आला, तळ्याभोवती काटेरी तार आली, आणि धनगरांना सांगण्यात आलं की असा काही हक्क कधी नव्हताच. तारीख पडली. बिराप्पा माडीवर आला, तेव्हा मी तिथं होतो.

"बर्री, कूड्री," सिस्टर कानडीत म्हणाल्या. या, बसा. तो बसला नाही.

"सिस्टर, परवा मामलेदाराकडं तारीख हाय. तेवढा कागुद द्या."

सिस्टरनी घोंगडीचा तुकडा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलगडला. उलटून बघितला. झटकून बघितला. मग माझ्याकडे बघितलं, कारण मी शिकलेला.

"ह्यात न्हाई की ओ काय."

सिस्टरनी त्याला सगळं सांगितलं, कानडीत, एक शब्द न लपवता. मला भाषा कळत नव्हती. 'शाल' आणि 'सत्कार' एवढे दोन शब्द मात्र कळले, आणि मला जमिनीकडे बघावं लागलं. बिराप्पा चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "म्हंजी आमचा कागुद लोकास्नी लय आवडला म्हना की."

तारखेला सिस्टर त्याच्याबरोबर कचेरीत गेल्या. मी कागद डोळ्यांनी वाचलाय, म्हणाल्या. साहेब सभ्य होते. "बाई, तुमच्यावर विश्वास आहे. पण कागद दाखवा." बिराप्पा हरला. तळ्याला अजून तार आहे. मायाप्पाच्या घरची मेंढरं लांबच्या वळणानं जातात, आणि त्या वळणावर पाणी नाही.

त्यानंतर सिस्टर थकल्या. तरी शाल पांघरून हिंडल्या, पाहुण्यांच्या दारोदारी. कुठं सून म्हणाली, मामंजी घरी नाहीत. कुठं कुत्रं सोडलं. एका संचालकानं चौकट दिली, त्यात त्यानं स्वतःचा फोटो बसवला होता; कागद रद्दीत गेला. फडक्यांत परत आलेले कागद एका हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. आम्ही मंडळानं याच्यावर एक पत्रक काढलं. मी लिहिलं ते. त्यात आबांचं नाव घातलं, माझंही घातलं. सिस्टरनी वाचलं. पहिल्यांदाच लाल पेन्सिल उचलली नाही. माझ्या सदऱ्याची गाठ सोडून पत्रक आत ठेवलं आणि गाठ परत मारली.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्या मिरजेत वारल्या, ज्या दवाखान्यात मायाप्पा वारला तिथंच. शेवटच्या भेटीत मला वाटलं, काही मोठं सांगतील. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले. "शाई आहे अजून. धुवत जा." मग उशाखालून कपाटाची किल्ली काढून दिली. "घोंगडीला कसर लागू देऊ नकोस. कडुलिंबाचा पाला घाल. कागद आला आणि फडकं नाही, असं होऊ नये."

किल्ली माझ्याकडे आहे. दुसरी किल्ली आता कुणाकडेच नाही, हे मी बघितलंय. कपाटात रिकामी फडकी आहेत, इरकलीचे काठ, धोतरं, फेटे, खाकी पट्ट्या, आणि सगळ्यांत वर घोंगडीचा एक तुकडा. मी दर बेंदराला पाला बदलतो.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगतो. त्या रविवारी व्यासपीठावर तुम्ही असाल, किंवा तुमचे वडील, सासरे, साहेब असतील. उठा आणि बैठकीतल्या भिंतीकडे बघा. काचेआड जुना कागद असेल, तर तो तुमचा नाही. मेंढरांचं, तळ्याचं, दोन रात्रींचं काही लिहिलं असेल, तर तो मायाप्पाच्या घरचा आहे आणि ते घर त्याच्यावाचून तहानलेलं हिंडतंय. मान जाईल म्हणून घाबरू नका. तो मान तुमचा नव्हताच. चौकट उतरवा. मागचे खिळे काढा. पुठ्ठ्याला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच आणा. फाटका आणा, कापलेला आणा. माडी उघडी आहे, जिन्यापाशी बादली आहे.

हात धुवा, आणि वर या.