कोड आला नाही

जे आता सांगतोय ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हासुद्धा मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागतो आणि चपला घालतो. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तरी निदान आत्ता समोर बसलेले नाही.

आधी माझा स्वभाव सांगतो. सबब म्हणून नाही – स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही म्हणून. मी संशयी माणूस आहे. गॅस बंद केला की अर्ध्या जिन्यातून परत जाऊन बघणारा. रियाधला पहिल्यांदा बँकेचं कार्ड मिळालं, ते मी मोज्यात ठेवायचो. एटीएमपुढे उभा राहिलो की एका हाताने आकडे दाबायचे, दुसऱ्याने झाकायचे आणि मान वळवून मागच्याकडे बघत राहायचं. मागचा बिचारा आपणहून लांब सरकायचा. पिन सारखा बदलायचो. एकदा तर मीच विसरलो आणि मशीनने कार्ड गिळलं. इकबाल पोट धरून हसला होता. म्हणाला, "चोराला सोड, तुला तरी मिळाले काय पैसे?"

इकबाल माझा खोलीतला सोबती. तो दाभोळचा, मी गुहागरकडचा. मध्ये फक्त खाडी, फेरीबोटीत बसलं की एकमेकांच्या गावात. पण ओळख झाली ती रियाधमध्ये. एकाच मेन्टेनन्स कंपनीत दोघेही एसी मेकॅनिक, आणि राहायला बत्हा नावाच्या जुन्या वस्तीत, एका मल्याळी खाणावळीच्या वरच्या खोलीत. गाव जवळ म्हणून कंपनीने एका खोलीत टाकलं आणि मग आम्ही तसेच राहिलो. शुक्रवारी तो नमाजाला जायचा, मी दोघांचे कपडे भिजवायचो. आला की तो मासे करायचा. माझ्या उपवासाला साबुदाणा कुठे मिळतो हे त्याला पाठ होतं. आता हे सगळं मी का सांगतोय? लांबवतोय, दुसरं काय.

ती सौदीकरणाची वर्षं. सरकारने कंपन्यांना रंग दिले होते. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी असली तर पिवळा, फारच कमी तर लाल. आमची कंपनी पिवळ्यातून लालकडे निघाली होती, आणि लाल झाली की आमचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, पुन्हा होणार नव्हते. दर आठवड्याला कुणीतरी बॅग भरायचं. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं ते ऑफिसातला नासिर ठरवायचा. तरुण सौदी, नवीनच लागलेला, वागायला गोड. पण त्याच्या केबिनमधून कोण बाहेर पडलं, हसत पडलं की खाली मान घालून, हे सगळे बघत असायचे. मी तर जास्तच. आमच्या विभागात एकच एसीवाला राहणार अशी कुजबुज होती. एकच म्हणजे कोण? तो की मी?

इकबालला मी त्या केबिनमधून बाहेर येताना पाहिलं. एकदा नाही, दोनदा. विचारलं तर म्हणाला, सुट्टीचं बोलत होतो. मुलीचा निकाह ठरला होता हे खरं. पण सुट्टीचं बोलायला दोनदा कशाला जावं लागतं? मी पुढे विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नाही, मनात ठेवतो.

सुट्टीवर जाताना आमच्यात एक रीत होती. सौदीचं सिम बरोबर न्यायचं नाही. रोमिंगला चिकार पैसे जातात, म्हणून ते खोलीतल्या माणसापाशी ठेवायचं. त्याने ते आपल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घालायचं. तिकडे गावात बसून कार्डाने काही घ्यायचं झालं, की बँकेचा कोड या सिमवर येतो. गावाहून व्हॉट्सॲपवर विचारायचं, इकडून आकडे पाठवायचे. सगळे असंच करत. म्हणजे बघा, कार्ड रत्नागिरी जिल्ह्यात आणि त्याची किल्ली बत्ह्यात, दुसऱ्याच्या खिशात. मी स्वतः सुट्टीवर जाताना सिम कधी ठेवलं नाही. महाग पडलं तरी बरोबर नेलं. इकबालने मात्र बॅगेची चेन लावता लावता सिम काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, तुझ्या घरी जाऊन येतो, वहिनी काय देतील ते आणतो.

पहिले काही आठवडे सगळं ठीक चाललं. त्याचा एकच शब्द यायचा – "कोड?" मी सहा आकडे पाठवायचो. मुलीचं फ्रीज घेतलं, मंडपवाल्याचं काहीतरी दिलं. निकाह झाला, फोटो आले. फोटोत तो नव्या शर्टात अवघडून उभा होता, मी ते बायकोलासुद्धा पाठवले.

मग एका शुक्रवारी, कपडे वाळत घालत असताना, त्याच्या सिमवर ऑफिसचा मेसेज आला. अरबीत. मला अरबी बोलता येतं कामापुरतं, वाचता येत नाही. आकडे तेवढे वाचतो. त्या मेसेजमध्ये दोन इकामा नंबर होते. एक त्याचा असणार. दुसरा माझा होता.

माझा नंबर त्याच्या मेसेजमध्ये कशाला? ओल्या हातात फोन धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. खालच्या दुकानात एक येमेनी होता, रोज सलाम व्हायचा, त्याला दाखवलं असतं तर त्याने वाचून दाखवलं असतं. नाही दाखवलं. का नाही दाखवलं? कारण मला माहीतच होतं त्यात काय आहे. इकबालने माझं नाव पुढे केलं, स्वतःचं वाचवलं. केबिनमधल्या दोन खेपा, सुट्टीची सबब, सगळं जुळलं. वहिनीने दिलेलं आणतो म्हणे. माझ्या घरी जाऊन, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन हा माझ्याच मुळावर उठलाय. असं मी धरून चाललो आणि त्या संध्याकाळी मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

त्याच रात्री जेवताना "कोड?" आला.

तो परतीचं तिकीट काढत होता. परत येण्याच्या व्हिसाची मुदत थोडीच उरली होती. घरातली रोकड निकाहात संपलेली, पैसे होते ते सौदीच्या खात्यात. कोड लगेच आला. माझ्या ताटाशेजारी फोन उजळला, सहा आकडे स्पष्ट दिसत होते. मी बघत राहिलो. मग लिहिलं – "कोड आला नाही."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कोड आला. पुन्हा मी लिहिलं, नाही आला. नेटवर्कची बोंब असेल, असंही वर लिहिलं. ते त्याने मागितलं नव्हतं, ते माझ्या पदरचं.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्याला कायमचं अडवायचं नव्हतं. एवढंच वाटत होतं की रविवारी ऑफिस उघडलं की तिथे जे काय ठरायचं ते तो नसताना ठरू दे. समोर उभा असेल तो राहील, नसेल तो जाईल. चार दिवस उशिरा आला तर कुठे आभाळ कोसळतंय? पण दुसऱ्या दिवशीही मी नाहीच लिहिलं, आणि इतक्या वेळा कोड न भरल्यावर बँकेने कार्ड बंद करून टाकलं. खेडच्या एटीएममध्येही ते चालेना. खात्री करायला बँकेने फोन केला – अर्थात त्याच सिमवर. फोन चादरीवर वाजत होता. मी तो उलटा करून ठेवला आणि वाजून थांबेपर्यंत पंख्याकडे बघत बसलो.

मग त्याने मलाच विचारलं. सुभाष, तू तिकीट काढ, आल्यावर देतो. इतकं साधं. माझ्या मोज्यातल्या कार्डावर तिकिटापुरते पैसे होते. मी लिहिलं, या महिन्याचा पगार झाला नाही. तेव्हा पगार खरोखरच उशिरा व्हायचे, त्यामुळे त्याने लगेच विश्वास ठेवला. "तुझे पण हाल चाललेत," असं उलट लिहिलं. वाचून लाज वाटली का? वाटली. पण लाजेने माणूस सुधारतो असं थोडंच आहे? मी फोन खिशात टाकला आणि कामावर गेलो.

त्याने मेहुण्याकडून पैसे उभे केले. तोवर मुदत टळून एक दिवस झाला होता. एका दिवसाने काय होतंय, विमानतळावर बोलून बघू, असं म्हणून तो मुंबईपर्यंत गेला. काउंटरवरूनच परत पाठवलं. आणि हा नियम आम्हा सगळ्यांना ठाऊक होता, मलाही ठाऊक होता – सुट्टीवर जाऊन मुदतीत परतला नाही, त्याला वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाचा व्हिसा मिळत नाही. जुन्या कंपनीने बोलावलं तरच. आणि पिवळी कंपनी कुणाला बोलावणार?

त्या आठवड्यात बायकोचा फोन आला. इकबालभाई येऊन गेले म्हणाली. कुळथाचं पीठ आणि आमसुलं, तिने माझ्यासाठी दिलेला पुडा, तो परत द्यायला. विमानतळावरून घरी जाऊन, दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने खाडी ओलांडून. पिठाला कीड लागेल, वापरून टाका, म्हणाला. चहासुद्धा घेतला नाही. बायको फोनवर रडत होती आणि मी तिला, असतं एकेकाचं नशीब, असं काहीतरी सांगत होतो.

नंतर नासिरने मला केबिनमध्ये बोलावलं. मी तयारीने गेलो होतो, आता बॅग भरायला सांगणार. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, इकबाल का नाही आला, मेसेज केला होता की. बुरैदाला खजुराची कोल्ड स्टोरेज आहेत, तिथल्या कंपनीत दोघांना घेतलं होतं. त्यांना आधी एकच माणूस हवा होता. इकबाल दोनदा येऊन बसला, दोघं जाऊ नाहीतर मी पण नाही, म्हणाला. म्हणून दोन नंबर. "अब तुम अकेला जाओ. यल्ला," नासिर म्हणाला आणि कागद पुढे सरकवला.

मी सही केली. तुम्हाला वाटेल, निदान तेव्हा तरी बोललो असेन. तिथेच सांगता आलं असतं – साहेब, चूक माझी आहे, आपल्या कंपनीकडून त्याला परत बोलवा, मग बुरैदाला पाठवा. झालं असतं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कोडाचं सांगावं लागलं असतं.

इकबालने सिम मागवलं, कार्ड सुरू करून खात्यातले पैसे काढायला. गुहागरच्या एका माणसाबरोबर पाठवलं. पाठवण्याआधी बँकेचे सगळे मेसेज पुसले. एकेक करून, नीट बघून. हे काम मी फार काळजीने केलं. आणि फोनवर त्याला विचारलं, बुरैदाचं मला आधी का नाही सांगितलंस? हसला. म्हणाला, "पक्कं झाल्याशिवाय तुला सांगून काय? तू संशय घेत बसला असतास."

बुरैदात मी बरीच वर्षं काढली. बाहेर भट्टी, आत खजुराच्या खोक्यांमध्ये थंडी, आणि दर महिन्याला पगार. त्यात माझं घर झालं, मुलं शिकली. इकबाल दाभोळ-दापोली भागात फ्रीज दुरुस्त करत फिरला. त्याच्या घरावर दुसरा मजला चढायचा होता. त्याच्या सळया अजून वर उघड्या आहेत, गंजून लाल झाल्यात. त्याला हे ठाऊक आहे का? कार्ड सुरू करायला बँकेला फोन केला तेव्हा कुणी सांगितलं असेल का, की कोड पोचले होते? मी आजही त्याच्या बोलण्यात शोधत असतो. बघा ना, संशय अजून मीच घेतोय, त्याच्यावर.

मागच्या मे महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात गॅसचा सिलिंडर आला. हल्ली सिलिंडरवालाही फोनवरचा आकडा मागतो. इकबालचा चष्मा आत राहिला होता. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि सहज विचारलं, "कोड आला काय बघ."

आला होता. मी मोठ्याने वाचून दाखवला. सिलिंडरवाल्याने तो लिहून घेतला आणि गेला. मी इकबालच्या तोंडाकडे बघितलं. तो रिकामा सिलिंडर सरकवून नवा आत नेत होता. आतूनच ओरडला, चहा घेऊन जा.

मी चहा घेतला. फेरीबोट पकडून घरी आलो.

इकबाल, कोड आला होता. प्रत्येक वेळी आला होता.