तळ्यावर काढलेला एक फोटो

कागल मागे टाकून आत वळलो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. उसातून जाणारा कच्चा रस्ता संपतो, तिथेच हे छोटं राखीव तळं. प्रथम दिसलं ते पाण्यावरचं धुकं, कडेची लव्हाळी आणि गुडघाभर चिखलात उभा असलेला एक म्हातारा. त्याच्या हातात जाळं होतं, काठावर पोतं.

इथे कुणीतरी बदकं पकडतंय, अशी कुजबुज आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर कधीपासून होती. मी उसाआड थांबलो. म्हातारा इकडेतिकडे बघत जाळं ओढून पोत्यात कोंबत होता. चेहरा स्पष्ट येईल असा फोटो काढला आणि ‘हाच तो’ असं लिहून ग्रुपवर टाकला. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला आनंद झाला होता.

“ओ पावणं (पाहुणे), उसात काय करतायसा?” त्यानं मला पाहिलं होतं.

पक्षी बघायला आलोय, म्हणालो. तो जवळ आला, माझी पिशवी चाचपली.

“जाळी लावणारं बी असंच सांगत्यात की.”

संशय त्यालाही माझाच होता. पिशवीत दुर्बीण आणि पुस्तक निघालं, तेव्हा कुठे निवळला. दस्तगीरचाचा, गावात पंक्चरचं दुकान. रोज दुकान उघडण्याआधी चोरांनी लावलेली जाळी काढायला येतात. लव्हाळीत एक हळदी-कुंकू बदक अडकलं होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि पायातला नायलॉन दोरा ब्लेडच्या पातीनं एकेक करून कापला. बदकाचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं, खिशात फोन थरथरत होता.

बदक उडालं. चाचांनी भाकरी आणि खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) पुढे केला. अर्धी भाकरी खाऊन मी फोन पाहिला. फोटो गावच्या ग्रुपवर पोहोचला होता; आमच्यातल्या एकानं तिथला स्क्रीनशॉट पाठवला होता. ‘चौकात आला की धरा,’ असं कुणी लिहिलं होतं.

“चाचा, हा फोटो मी टाकलाय.”

त्यांनी फोटो पाहिला, पोतं खांद्यावर घेतलं.

“मला त्याच चौकातनं जायाचं हाय,” म्हणाले. “चला संगं.”

चौकात चारपाच जण उभेच होते. चूक माझी, हे मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाला, “ते खरं असंल. पर पोत्यात काय हाय?”

चाचांनी पोतं रस्त्यावर उपडं केलं. ओल्या जाळ्यांचा ढीग पडला. एकानं तो पायानं उलटापालटा करून पाहिला. चाचा मान खाली घालून उभे होते. मग एकेक जाळं गोळा करून त्यांनी पुन्हा भरलं. मी हात लावायला गेलो, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या.”

कोल्हापुरात घरी पोहोचल्यावर मी तो फोटो ग्रुपवरून हटवला, सविस्तर माफी लिहिली. फोटो अजून फिरतोय. माफी कुणी पुढे पाठवली नाही. पक्षी घाबरू नयेत म्हणून पावलं जपून टाकणारा माणूस मी. माणसाच्या बाबतीत तेवढं थांबलो नाही.