ॲनेटच्या पिशव्या

मेलेल्या माणसावर जळू नये, हे रोशेलला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग? महिन्याचा पहिला रविवार उजाडला आणि डॅरिन तळघरातल्या फ्रीजरमधून ती पिशवी घेऊन वर आला, की ती जी धुसफुसायला लागायची ती संध्याकाळची भांडी होईपर्यंत थांबायची नाही.

पिशव्या ॲनेटच्या. ॲनेट म्हणजे डॅरिनची पहिली बायको. आजार बरा होणारा नाही म्हटल्यावर त्या बाईने रडत बसण्याऐवजी फ्रीजर भरायला घेतला. बीफचा मोठा तुकडा, गाजरं, कांदे, कांद्याच्या सुपाची पुडी, दोन तमालपत्रं, सगळं एकेका प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि वर जाड काळ्या पेनने लिहिलेलं, 'रविवार'. आपल्यामागे नवऱ्याचे आणि पोरीचे जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून. सकाळी पिशवी स्लो कुकरमध्ये, म्हणजे दिवसभर मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, उपडी करायची, बटण फिरवायचं आणि खुशाल शेतावर जायचं. संध्याकाळी दार उघडलं की वासच सांगतो, जेवण तयार आहे. अख्ख्या नेब्रास्का राज्यात घरोघर स्वयंपाक असाच होतो, त्यात नवल नाही. पण बाई मेली आणि मागे जेवणं ठेवून गेली, याचं नवल गावाला इतकं की रोशेल लग्न होऊन आली तेव्हा चर्चमधल्या बायकांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, "काय गं, ॲनेटच्या पिशव्या अजून आहेत का?"

घ्या! नव्या नवरीचं स्वागत.

रोशेल शाळेची बस चालवायची. सकाळी अंधारात निघायची, मुलं पोचवून घरी यायची, पुन्हा दुपारी जायची. चाळिशीला टेकेपर्यंत एकटी राहिलेली, स्वतःचं स्वतः करणारी बाई. स्वभावाने जरा जळकी होती, हेही सांगून टाकते. धाकट्या बहिणीचं लग्न आधी झालं तेव्हा हिने आठवडाभर दात दुखण्याचं निमित्त केलं होतं. पण डॅरिन पोस्पिशिल तिला मनापासून आवडला होता. शांत माणूस, मक्याची शेती, थोडी गुरं, आणि पदरात अकरा वर्षांची ब्रिन. पोरगी तिला रोशेल म्हणायची. आई म्हणावं अशी रोशेलचीही अपेक्षा नव्हती. आपल्या हातचं तिने दोन घास आवडीने खावं, एवढंच तिला हवं होतं.

तेच तर होईना!

ब्रिन घरात शिरली की नाक वर करून विचारायची, "आज तुझं आहे की आईचं?"

"माझं."

"अच्छा," पोरगी म्हणायची. त्या 'अच्छा'मध्ये जे काही असायचं ना, ते ऐकून रोशेलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, पोरीचीही चूक नव्हती. रोशेलचं बीफ खरंच चिवट व्हायचं. तेच भांडं, तीच पुडी, तितकाच वेळ, आणि ताटात काय? तर दोरखंड. बिचारी दर तासाला झाकण काढून सुरी टोचून बघायची आणि भांड्यातली सगळी ऊब घालवायची. ब्रिन एक घास गालात धरून बसायची.

"गिळ की गं!" डॅरिन म्हणायचा.

"चावतेय ना बाबा. झालं की सांगते."

आणि पहिल्या रविवारी? काट्याने नुसता स्पर्श केला की मांस सुटायचं. कुस्करलेल्या बटाट्यांवर तो दाट रस्सा, आणि पोरगी मान खाली घालून ताट निपटून काढायची. डॅरिनही तसाच. बापलेकीच्या त्या खाण्यात आपल्याला जागा नाही, असं रोशेलला वाटायचं, आणि ती रागारागाने पावावर लोणी फासत बसायची. 'संपू देत एकदा मेल्या पिशव्या,' ती मनात म्हणायची. 'संपल्या की मग आहोत आम्ही तिघंच.'

पण पिशव्या संपतच नव्हत्या. ॲनेटला जाऊन तीन वर्षं झाली होती. बाईने केल्या तरी किती असतील! रोशेल फ्रीजरमध्ये डोकावायची तेव्हा तळाशी तीन-चार असायच्याच. महिन्याने पाहिलं तरी तीन-चारच.

दर वर्षी घरचा एक खोंड कापून त्याचं मांस पांढऱ्या कागदात बांधून यायचं, त्यात खांद्याचा तुकडा रोशेलला कधी सापडायचा नाही. मागच्या मांडीचे तेवढे ढिगाने. एकदा तिने कसायाच्या दुकानात विचारलंच. म्हातारा मर्ल पोट धरून हसला.

"का हो बाई, तुमच्या खोंडाला खांदेच नव्हते की काय? मी स्वतः बांधून दिलेत. स्लो कुकरला तोच तुकडा लागतो, चरबीवाला. मांडीचं शिजवून काय खाता, चपला?"

रोशेल घरी आली ती विचार करतच. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं.

कळलं ते सप्टेंबरात. वादळाच्या इशाऱ्यामुळे शाळा लवकर सुटली. मुलं पोचवून, ब्रिनला मैत्रिणीकडे सोडून, रोशेल भरदुपारी घरी आली. ट्रॅक्टरच्या शेडचं दार अर्धवट उघडं होतं. आत डॅरिन पान्यांच्या टेबलावर स्वच्छ फळी मांडून गाजरं चिरत होता. शेजारी खांद्याचा भलामोठा तुकडा. आणि एका रिकाम्या पिशवीवर काळ्या पेनने, अक्षरं गोल गोल वळवत, त्याने लिहून ठेवलेलं, 'रविवार'.

डॅरिनने तिला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"तिच्या पिशव्या पहिल्याच हिवाळ्यात संपल्या," तो म्हणाला. "ब्रिन रोज विचारायची, बाबा, अजून आहेत ना? मला 'नाहीत' म्हणवेना. एकदा म्हटलं 'आहेत'. मग करतच गेलो."

आता तुम्हाला वाटेल, रोशेलचा जीव भांड्यात पडला असेल. आपण ज्या बाईवर जळत होतो ती बाई नव्हतीच, निम्मा त्रास वायाच गेला म्हणून हसली असेल. छे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे खांद्याचे तुकडे तू पळवत होतास?"

"पळवत म्हणजे..."

"आणि माझ्या वाट्याला खोंडाचं ढुंगण! दीड वर्षं मी या घरात चपला शिजवतेय, पोरीची तोंडं बघतेय, आणि तू इथे चोरून तिच्या नावाने गाजरं चिरतोस! माझ्यासाठी कधी साधं अंडं तळलंस का रे? एक अंडं?"

"रोशेल, ती मेलीये."

"तेच तर! मेलेल्या बाईसाठी तुझे हात चालतात. मी जिवंत आहे, हाच माझा गुन्हा!"

डॅरिनने कांदा चिरायला घेतला. त्याचे डोळे कशाने भरले होते ते कांद्यालाच ठाऊक. शेवटी तो म्हणाला, "सांगतो ब्रिनला. मक्याची कापणी उरकू दे, मग सांगतो."

"सांगच," रोशेल म्हणाली आणि घरात जाऊन तिने कपाटाची सगळी दारं एकेक करून आपटली.

कापणी सुरू झाली आणि डॅरिन मशीनवर चढला तो उतरायलाच तयार नाही. पोरीला सांगणं राहिलं. नव्या पिशव्या करणंही राहिलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी रोशेलने फ्रीजर उघडला, तर तळाशी एकही 'रविवार' नाही. संपल्या! तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. आता कुणी काही सांगायलाच नको होतं. उद्या आपोआप कळलं असतं.

ती झाकण लावणार, तेवढ्यात कोपऱ्यात पांढऱ्या कागदातला एक तुकडा दिसला. खांद्याचा. आणि तिच्या डोक्यात एक वेगळीच कल्पना आली. नुसतं संपण्यात काय मजा? संपलं तर ॲनेट कायमचीच चांगली राहणार. त्यापेक्षा एकदा हा तुकडा माझ्या हाताखाली येऊ दे, मग बघते! मी करीन, ॲनेटच्या नावाने वाढीन. पोरगी चाटूनपुसून खाईल, वाहवा करील, आणि मग सावकाश सांगीन, 'बाळा, हे मी केलंय.' फक्त तेवढं एक वाक्य. त्या वाक्यासाठी ती दिवसभर खुशीत होती.

तिने तुकडा आधी तव्यावर चारी बाजूंनी लाल करून घेतला. हे डॅरिनला कुठलं सुचायला! गाजरं मोठी ठेवली, कांदे चिरले, पुडी घातली. पेन घेऊन पिशवीवर 'रविवार' लिहिलं. दुसऱ्या बाईच्या वळणाचं अक्षर काढताना तिचे दात आपोआप आवळले गेले. पिशवी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली.

रविवारी सकाळी ब्रिनने स्वतः ती भांड्यात रिकामी केली. मग तिघंही शेतावर. रोशेल दिवसभर मक्याचा ट्रक चालवत होती, त्यामुळे झाकण उघडायला घरात कुणी नव्हतंच. संध्याकाळी दार उघडलं आणि तो वास अंगावर आला तेव्हा तिलाच भरून आलं. डॅरिन उंबऱ्यातच थांबला. फ्रीजर रिकामा आहे हे त्याला माहीत होतं. त्याने रोशेलकडे पाहिलं. रोशेलने ताटं मांडायला घेतली.

ब्रिनने पहिला घास घेतला आणि ती थांबली. काटा तसाच हातात. मग दुसरा घास. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायलाच लागली.

"काय झालं गं?" डॅरिन घाबरला.

"आईचं आहे," ती म्हणाली. "अगदी आईचं. बाबा, मागच्या खूप वेळा तसं लागतच नव्हतं. मी बोलले नाही. मला वाटलं, मीच आईची चव विसरत चाललेय."

डॅरिनने मान खाली घातली.

रोशेलच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ते बाहेर पडायला निघालंही होतं. मी केलंय. मी, रोशेलने. त्याचा तुकडा, पण हात माझा, कष्ट माझे! आणि शाबासकी पुन्हा तिलाच? अंगाची नुसती लाही लाही होत होती तिच्या. इतकी ती त्या बाईवर कधीच जळली नव्हती.

ब्रिनने बाहीने नाक पुसलं आणि पहिल्यांदाच, अगदी मायेने, समजूत घातल्यासारखं विचारलं, "रोशेल, तू का नाही गं असं करत?"

डॅरिनने तोंड उघडलं. रोशेलने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"मला नाही गं जमत," ती म्हणाली. "आण ताट, आणखी वाढते."