नव्वद दिवसांचं कॅव्हेट

"माजं ऐकल्याशिवाय काय करायचं न्हाई," असं म्हणत, उजवा हात वाहतूक पोलिसासारखा वर धरूनच खोडदचे बाबा, आमचे एक म्हातारे पक्षकार, ऑफिसात शिरायचे. चहावाला आला की पुन्हा हात वर. "साखर टाकू नको, आदी माजं ऐक." जुन्नरच्या स्टँडवर कंडक्टरने बेलच्या दोरीला हात घातला, की हे खालून ओरडायचे, "थांब राव! कॅव्हेट हाय आपलं!"

तुमच्यापैकी ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, त्यांच्यासाठी सांगते. समोरचा माणूस आपल्याविरुद्ध मनाई हुकूम आणेल अशी भीती असली, तर आधीच अर्ज देऊन ठेवता येतो: माझं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. हेच कॅव्हेट. ते नव्वद दिवस चालतं. त्याची नोटीस समोरच्याला रजिस्टर पोस्टाने जाते आणि सही झालेलं पोचपावतीचं कार्ड आमच्याकडे परत येतं. मी कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंग करते. आंबेगावच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवर कॉलेज पुरं करणारी मी पहिली. हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

बाबांचा समोरचा माणूस म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा.

खोडदच्या शेतीतली अर्धा एकर जमीन त्यांनी लेकीच्या नावे करायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, "स्टे आणतो," आणि बायको-पोरीला घेऊन मंचरला निघून गेला. तिथे कांद्याच्या आडतीवर कामाला लागला. बाबांनी कॅव्हेट टाकलं. जमीन लेकीच्या नावे झाली. मुलगा कोर्टाकडे फिरकलाच नाही.

नव्वद दिवस भरले आणि बाबा दारात हजर, हात वर.

"मुदत संपली ना ताई? नवीन टाका."

"आता कशाला बाबा? जमीन तर झाली नावावर."

"तुमी टाका वो. पोराचा काय भरवसा?"

असं नऊ वर्षं चाललं. वकीलसाहेब आधी समजावायचे, मग हसायचे, शेवटी न वाचताच सही करायला लागले.

नोटीस गेल्यावर आठ-दहा दिवसांनी बाबा कार्ड बघायला यायचे. कार्ड फाइलला लागतं, घरी नेता येत नाही. ते खिडकीशी उजेडात धरायचे. "सही ठसठशीत हाय. तब्येत बरी दिसती." एकदा सही वेडीवाकडी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्नरला आले, कार्ड मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "घाईत आसंल."

एका वर्षी कार्डावर मुलाची सही नव्हती. गोल, सुटी अक्षरं होती, नातीची. बाबा बाकावर बसले. त्या दिवशी चहात साखर किती पडली तेही त्यांनी पाहिलं नाही.

"ही गेली तवा मांडीवर मावायची," एवढंच म्हणाले.

खोडदहून मंचर एसटीने तासाभरावर. मी एकदा म्हटलं, "बाबा, फोन तरी करा."

"काय बोलू? 'हॅलो' झालं की भांडाण व्हतं तिथनंच सुरू. आमच्या खोडदला त्या दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या हायत, त्या आभाळातलं समदं ऐकत्यात म्हणं. मंचरचं मातुर कायबी कळत न्हाई."

"बाजाराला जाणारे सांगत असतील की."

"सांगत्यात. पर लोकांच्या सांगण्याला सही नसती, ताई."

एकदा मी त्यांना हट्टाने मंचरच्या गाडीपर्यंत नेलं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, हात वर केला, पाय काढून घेतला. "लई गर्दी हाय," म्हणाले. गाडीत मोजून सात माणसं होती.

त्यांनीच एकदा विचारलं, "ह्यो कॅव्हेट शब्द विंग्रजी का?"

माझ्या पदवीला असे प्रश्न कमीच येतात. मी खुर्ची वळवून बसले. "मूळचा लॅटिन, बाबा. अर्थ, त्याने सावध राहावं. इंग्रजीतही लोक वापरतात. एखादी गोष्ट मान्य, पण एक अट ध्यानात ठेवा, असं सांगायचं असलं की."

"आन् ह्ये लॅटिनवालं लोक ऱ्हात्यात कुठं?"

"ती भाषा आता घरात कुणी बोलत नाही. अशी कोर्टाकचेरीत उरली आहे."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मंजी आमच्यासारकंच की. घरात बोलणं न्हाई, जे काय ते कोर्टातनं."

ते हसले. मीही हसले. मग त्यांनी रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

गेल्या हिवाळ्यात कार्ड वेळेवर आलं, बाबा आले नाहीत. चार दिवस मी ते खणात वर ठेवलं. मग खोडदच्या एका पक्षकाराकडून कळलं, त्यांना जाऊन आठवडा झाला होता.

दहावं-तेरावं उरकून मुलगा आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण दारात थांबण्याची ढब ओळखीची होती. मी फाइल पुढे केली. त्याने आपल्याच सह्या एकेक करून पाहिल्या, लेकीच्या अक्षरांवर जरा थांबला.

"नोटीस आली की कळायचं," तो म्हणाला, "म्हातारं जुन्नरला जाऊन आलंय. पाय धड हायत."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही आलात कधी?"

तो फाइलची दोरी बांधायला लागला. शेवटचं कार्ड मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते हळूच माझ्याकडे सरकवलं. "ह्ये त्यांनी बघायचं व्हतं. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

जिना उतरता उतरता तो परत वर आला. "मॅडम, ह्ये कॅव्हेट अजून चालू हाय का?"

मी रजिस्टर पाहिलं. "एकसष्ट दिवस आहेत."

"मंजी तवर त्यांचं ऐकल्याशिवाय कोर्ट काय करणार न्हाई?"

कायद्याने याचं खरं उत्तर वेगळं असेल. मी म्हटलं, "नाही."

त्याने मान हलवली आणि गेला.

नव्वदावा दिवस गुरुवारी आला. चहावाल्याने सवयीने एक कप बिनसाखरेचा आणला आणि दाराकडे बघत उभा राहिला. मी कप ठेवून घेतला. संध्याकाळी रजिस्टरमध्ये त्या नोंदीपुढे लिहिलं: मुदत संपली. आता बाबांचं न ऐकता कुणालाही काहीही करता येईल.