डाव्या मुठीचं पिस्तूल

चारुदत्त देवस्थळीला खुर्ची म्हणजे उठण्यापूर्वी टेकायची जागा, एवढंच ठाऊक होतं. सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात तो मीटिंगा उभ्याने घ्यायचा, हौगांगच्या फ्लॅटमध्ये फोनवर बोलताना दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायचा, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. बायको, मेधा, म्हणायची, ‘तुझ्या पायाला भिंगरी आहे, आणि जिभेलाही.’ अशा माणसाने छप्पन्नाव्या वर्षी नेमबाजी शिकायला घेतली, तेव्हा तिने हात जोडले. निदान तासभर तरी एका जागी उभा राहील, एवढीच तिची अपेक्षा होती.

दोन वर्षं तो क्लबच्या सामायिक एअर पिस्तुलाने नेम धरत होता. नेम बरा होता. मग मार्चपासून उजवा हात कापू लागला. फार नाही; दहा मीटरवरचं काळं वर्तुळ पिस्तुलाच्या टोकावर जरासं नाचायचं, एवढंच. चारुदत्तने ताबडतोब निष्कर्ष काढला की पिस्तूल वाईट आहे, आता स्वतःचं घ्यायला हवं. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला ऐकवायला त्याला फार आवडायचं.

स्वतःचं म्हणजे नावापुरतंच. सिंगापूरच्या कायद्याने ते घरी आणायचं नाही. क्लबच्या तिजोरीत राहणार, सही करून काढायचं, सही करून ठेवायचं. तरी त्याने निवडीत कसूर ठेवली नाही. पाच पिस्तुलं हाताळली. एकाचं तोंड जड, एकाचा चाप सैल, एक हलकं म्हणून हातात तरंगतंय. प्रत्येकाच्या टोकावर ते वर्तुळ नाचलंच. प्रत्येक वेळी तो पिस्तूल खाली ठेवायचा आणि उजवा हात खिशात घालायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. अप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी चहाची बशी त्यांच्या हातात किणकिणायची आणि घरातले सगळे दुसरीकडे बघायचे. चारुदत्तही दुसरीकडे बघायचा. आपल्याकडेही तसंच बघतील, याची त्याला भीती वाटायची, पिस्तुलापेक्षा कितीतरी जास्त.

या दिवसांत मेधाही चमत्कारिक वागत होती. चहा अर्धाच कप द्यायची. ‘चहावर रेशन लागलंय का?’ तो विचारायचा. ‘संपव, मग आणखी देते,’ ती म्हणायची. सुट्टीला आलेली लेक, इरा, फोनमधून डोकंही वर न काढता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, ‘बाबा, हाफ कप ओन्ली, डोन्ट कंप्लेन ला.’

शेवटी सहावं पिस्तूल ठरलं. फक्त त्याची लाकडी मूठ हाताच्या मापाने घडवून घ्यायची होती. क्लबमध्ये हत्यारांची देखभाल करणाऱ्या मिस्टर कोह यांनी फॉर्म दिला: उजवा की डावा ते लिहा, नेमाचा हात कागदावर पसरून ठेवा, पेन्सिलीने त्याची कड काढा. मेधा मार्केटला गेल्याची खात्री करून चारुदत्त टेबलाशी बसला. पेन्सिल उजव्या हातात घेतली, जन्मभराच्या सवयीने, आणि कागदावर अर्थातच दुसरा हात ठेवला. रेघ वाकडी आली. पुन्हा काढली, पुन्हा वाकडी. तिसरी त्यातल्या त्यात सरळ आली, ती त्याने पाठवली.

दोन दिवसांनी कोहांचा फोन आला; देवस्थळीचं त्यांनी केव्हाच ‘देव’ करून टाकलं होतं. ‘मिस्टर देव, युवर फॉर्म से राइट, बट द ड्रॉइंग—’

‘येस येस, फॉलो द ड्रॉइंग,’ येरझाऱ्या घालत चारुदत्त म्हणाला आणि फोन ठेवला.

सहा आठवड्यांनी मूठ बसवलेलं पिस्तूल समोर आलं. त्याने उजव्या हातात धरायला पाहिलं. अंगठ्याची खाच भलत्याच बाजूला, तळव्याखालची फळी बोटांना टोचतेय. ‘हे चुकलंय!’ तो मराठीतच ओरडला. कोहांनी शांतपणे फॉर्म पुढे सरकवला. ‘यू ड्रॉ लेफ्ट हँड, यू गेट लेफ्ट ग्रिप. रिटर्न ऑल्सो कॅन. अनदर सिक्स वीक्स.’

सहा आठवडे! चारुदत्तला सहा मिनिटं रिकामं उभं राहवेना. चाळा म्हणून त्याने ते डाव्या हातात घेतलं. मूठ तळव्यात गपकन बसली. त्याला कसंसंच झालं. तो मुळात डावखुरा. लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला की अप्पा त्यावर फूटपट्टी मारायचे. पाटीवर तेच, ताटावर तेच. दुसरीत जाईपर्यंत त्यांनी मुलाला उजवा करून सोडला होता. पन्नास वर्षं त्या डाव्या हाताने फक्त पिशव्या धरल्या होत्या.

तो रेषेवर उभा राहिला. हात उचलला. वर्तुळ नाचायची वाट बघू लागला. वर्तुळ नाचेना. त्याने श्वास सोडला, पुन्हा घेतला, तरी ते जागच्या जागी. त्याने पाच छर्रे मारले.

‘एइम व्हेरी लाउझी,’ कोह कागदावर विखुरलेली भोकं बघत म्हणाले. ‘बट हँड, वा, लाइक स्टोन.’

आनंद व्हायला हवा होता. चारुदत्तने मात्र उजवा हात खिशात घातला. पिस्तुलं सगळी चांगली होती. अंगण सरळच होतं. त्याने पिस्तूल परत केलं, वहीत सही केली, ती सही त्याची त्यालाच वाचता आली नाही.

घरी मेधाने चहा आणला, अर्धा कप. तो बसला, टेकून बसला. ‘मेधा, आज कप भरून दे.’

तिने भरून दिला. त्याने बशी उजव्या हाताने उचलली आणि तशीच धरून ठेवली. बशी किणकिणली, चहा काठावरून पायजम्यावर सांडला. ‘बघ,’ तो म्हणाला, ‘अप्पांसारखा.’

मेधाने दुसरीकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या हाताला धरून बशी खाली टेकवली.

‘मार्चपासून बघतेय,’ ती म्हणाली. ‘तुला अर्धा कप उगाच देत होते का?’