ठिकाण : नदी

समोरच्याचे ऐकताना ते डावा डोळा मिटत. माणूस नवा असला तर त्याला वाटे, आपल्यावर यांचा विश्वास नाही. तसे काही नव्हते. त्यांच्या दुर्बिणीच्या डाव्या नळीत बुरशी धरली होती आणि कित्येक वर्षे ते उजव्या नळीतूनच बघत आले होते. नीट बघायचे म्हणजे डावा डोळा मिटायचा, ही सवय मग माणसांच्या बाबतीतही लागली.

ऐकून झाले की डोळा उघडत आणि विचारत, "बघितलास की वाटला?"

प्रश्न पक्ष्याचा असे. महाडमध्ये पक्षी बघणारे आम्ही दहा-बारा जण. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दिवाळीनंतर जागा होतो आणि होळीला झोपतो. कोणता पक्षी, किती, केव्हा, कुठे, एवढ्या चार गोष्टी लिहायच्या असा नियम. तुम्हीही कुठे असे बघत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पहाटे गारठ्यात उभे राहिले की बराचसा पक्षी आपल्याला हवा असतो म्हणून दिसतो. ही गोष्ट त्यांना आमच्यापेक्षा नीट कळली होती.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते. कंपनीत सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो. घर दासगावच्या बाजूला, बौद्धवाडीत. रात्रपाळी सुटली की इतर कामगार बसमध्ये बसल्या बसल्या झोपत. मामा निळ्या गणवेशातच मोटारसायकल काढून ओहोटीची वेळ गाठत आणि सावित्रीच्या काठी चिखलात किडे टिपणारे तुतारी पक्षी मोजत बसत. मोजलेले वहीत लिहीत. कारखान्यात गोण्यांच्या आत येणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत या वह्या बांधलेल्या असत. पुराच्या गावात राहणाऱ्या माणसाला कागद कसा ठेवायचा ते सांगावे लागत नाही.

एकदा त्यांनी सकाळी ग्रुपवर बेचाळीस तुतारी लिहिले आणि दोन तासांनी एक्केचाळीस केले. मेडिकलचे दुकान चालवणाऱ्या आमच्या मित्राने विचारले, "एक उडाला का मामा?"

"नाय. एक दगड होता. दोन तास हलला नाय."

पाचाडच्या शाळेतल्या बाईंनी एकदा गरुड कळवला. मामांचा प्रश्न लगेच आला. बाई सरळ बाई. त्यांनी लिहिले, "वाटला."

"मग पुढं प्रश्नचिन्ह टाका बाई. त्याला कोण हसत नाय."

तेव्हापासून बाई इतकी प्रश्नचिन्हे टाकू लागल्या की एकदा चुकून पालकांसाठीचा निरोप आमच्याकडे आला, त्यातही होते : उद्या शाळा सकाळची आहे? मेडिकलवाल्याने विचारले, "बाई, बघितली की वाटली?" मामांनी हसणारा चेहरा पाठवला. तो कसा पाठवायचा हे त्यांना माहीत आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

नियमातल्या तीन गोष्टी मामा काटेकोरपणे पाळत. चौथी पाळत नसत. ठिकाणापुढे ते नेहमी एकच शब्द लिहीत : नदी.

"मामा, नदी म्हणजे कुठे?" मेडिकलवाला विचारी.

"नदी म्हणजे नदी."

"अहो, पोलादपूरपासून दासगावपर्यंत नदीच आहे."

"मग पोलादपूर ते दासगाव बघ. तुला डॉक्टरनं चालायला सांगितलाय ना?"

यामागचे कारण त्यांनी मला एकदा सांगितले होते. पूर्वी एका झाडावरच्या घरट्याचा पत्ता त्यांनी कोणाला तरी दिला. फोटो मोकळा यावा म्हणून त्या माणसाने घरट्यासमोरच्या फांद्या तोडल्या. पिल्लांना ऊन लागले आणि कावळ्यांना वाट मिळाली. मामा म्हणाले, "पत्ता मी दिलेला."

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. कोण, काय, केव्हा, कुठे, हे माझ्याही कामाचे चार खांब. त्यांतला 'कुठे' काढला तर बातमी उभी राहत नाही, असे मला शिकवलेले आणि मी ते मानलेले.

एका जानेवारीत मामा कार्यालयात आले. म्हणाले, "उद्या सकाळी मोकळा हायस का? दोन पावणे दाखवतो."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला नदीचा एक डोह आहे. आम्ही गाडी लांब ठेवली, चपला हातात घेतल्या आणि करवंदीच्या जाळीआड बसलो. उन्हे पाण्यावर आली तेव्हा पलीकडच्या कातळावर दोन काळे करकोचे दिसले. कमरेइतके उंच, चोच आणि पाय तांबडे, पोट पांढरे. आपल्याकडे बारा महिने दिसणारा करकोचा पांढऱ्या मानेचा असतो. यांची मान काळी होती आणि उन्हात तिच्यावर हिरवी झाक येत होती. आमच्या भागात असा पक्षी कोणी नोंदवल्याचे मला ठाऊक नव्हते. मामांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कितीतरी वेळ परत मागितली नाही.

निघताना त्यांनी मला कसलीही अट घातली नाही. मी पुढे बराच काळ स्वतःला हे सांगत राहिलो, म्हणून इथे लिहितो.

बातमी रविवारी छापून आली. डोहाचे नाव, वाडीचे नाव, फाट्यापासूनचे अंतर, सगळे अचूक. त्याच दिवशी दुपारपर्यंत फाट्यावर बाहेरगावच्या नऊ गाड्या होत्या. कोणीतरी ड्रोन उडवला. मंगळवारी कातळ रिकामा होता.

बुधवारी मामा कार्यालयात आले. खिशात बातमीचे कात्रण, चार घड्या घातलेले. ते टेबलावर उलगडले, माझ्याकडे बघत डावा डोळा मिटला.

"बातमी चांगली लिवलीस. एक दुरुस्ती छापशील?"

"काय चुकलंय मामा?"

"दोन लिवलेत. आता एक पण नाय."

मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले आणि पाणी पिऊन गेले. दुरुस्ती छापली नाही. पक्षी उडून गेल्याची दुरुस्ती कोणतेच वर्तमानपत्र छापत नाही.

पुढच्या हिवाळ्यात दर रविवारी ग्रुपवर त्यांची नोंद येऊ लागली. काळा करकोचा : शून्य. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही तेच. मेडिकलवाला एकदा वैतागला. "मामा, नाही आले तर नाही आले. पत्रकाराला किती टोचाल?"

"मी टोचत नाय. शून्य पण मोजावं लागतं. न जाता घरबसल्या लिवता येत नाय ते."

मी त्या संदेशांना कधी उत्तर दिले नाही. त्यांनी मला डोहाकडे पुन्हा बोलावलेही नाही. रस्त्यात भेटले तर थांबत, घरच्यांची चौकशी करत. पक्ष्यांचे मात्र बोलत नसत.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ते मला दासगावच्या काठावर दिसले. दुर्बीण उलटी धरली होती, वरची बाजू खाली.

"मामा, उलटी झालीय."

"सरळच हाय." त्यांनी दुर्बीण उतरवली. माझ्याकडे बघताना उजवा डोळा मिटलेला होता. "उजवा गेला. साखर. उलटी धरली की चांगली नळी डाव्याकडं येते."

"आणि डावा?"

"डॉक्टर बोलतात ठीक हाय. पोरगी बोलते सुधारतोय." मग म्हणाले, "काल दाराशी बसलेल्या कोंबडीला मी घार समजलो."

हे सांगताना ते हसले. मला हसता आले नाही.

मग त्यांनी कामाचे सांगितले. वरच्या एका वाडीतल्या बाईने त्यांना ओळीने तीन दिवस दोन उंच काळे पक्षी पाण्यात उभे असल्याचे सांगितले होते. जागा जुन्या डोहापासून बरीच लांब. मामा जाऊन आले होते. "दोन व्हते. उंच व्हते. पण मान कळली नाय. मला वाटलं रे. बघितलं नाय."

"शाळेच्या बाईंना किंवा मेडिकलवाल्याला नेलं नाहीत?"

"बाईंना शाळा हाय, त्याला दुकान हाय. तुला काय काम हाय?" हे चेष्टेत होते. पुढचे नव्हते. "ज्याच्यामुळं गेले, त्यानं बघावं असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मागे बसवून नेले. वळण आले की ते पाठीवर बोटे टेकवत, एक बोट म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. अंतर आणि फाटे त्यांना डोळ्यांवाचून माहीत होते. शेवटचा तुकडा पायी. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

पक्षी होते. दोन. काळे, उंच, आमच्याकडे पाठ करून उभे.

"हायत?"

"आहेत."

"मान बघ."

पाठ आमच्याकडे असल्यामुळे मान दिसत नव्हती. आम्ही थांबलो. तीन हिवाळे ज्याची वाट बघितली ते एका शब्दावर आले होते आणि तो शब्द माझ्याकडे होता. मामांना आता या अंतरावरून मानेचा रंग दिसणार नव्हता. 'काळी' म्हटले असते तर ते वहीत गेले असते, त्यांच्या रविवारच्या शून्यांचा शेवट झाला असता आणि माझाही हिशेब मिटला असता. हा विचार मी केला, हे लपवण्यात अर्थ नाही.

एक पक्षी वळला. मग दुसरा.

"पांढरी," मी म्हणालो.

"दोघांची?"

"दोघांची."

"बघितलीस की वाटली?"

"बघितली मामा."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून वही काढून माझ्याकडे दिली. "लिव. पांढऱ्या मानेचा करकोचा, दोन. वेळ लिव. ठिकाण नदी लिव." मी लिहिले. त्यांच्या अक्षराखाली माझे अक्षर वेगळे दिसत होते.

परत येताना बांधावर बसून आम्ही डब्यातली भाकरी खाल्ली. त्यांनी वही पुन्हा पिशवीत बांधली. मग म्हणाले, "बरं झालं. आता घरात सगळी मला बरं वाटंल असंच बोलतात. तू तरी तसा बोललास नाय." भाकरीचा तुकडा मोडून माझ्याकडे केला. "जागा चांगली हाय ही. पाणी उथळ, मासळी हाय, माणूस येत नाय. ते आले तर हितंच येतील. जानेवारीत येत जा. माझ्या डोळ्यांना आता जमायचा नाय."

त्या जानेवारीत मी पाच वेळा गेलो. दर वेळी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितले. "शून्य." "किती वेळ बसलास?" "दोन तास." "मग बरोबर हाय." दर वेळी ते वही पुढे करत आणि मी शून्य लिही.

पावसाळ्यात ते गेले. आधी मूत्रपिंड, मग सगळेच. जलदानविधीच्या दिवशी, माणसे पांगल्यावर, त्यांच्या मुलीने प्लास्टिकमध्ये बांधलेल्या वह्या माझ्यासमोर ठेवल्या. "बाबा बोलले, पत्रकाराला दे. आणि बोलले, दुर्बिणीची डावी नळी साफ करून घे, मला काय जमला नाय."

नळी मी पुण्याहून साफ करून आणली. दोन्ही डोळ्यांनी बघताना सुरुवातीला अवघडल्यासारखे झाले.

गेल्या जानेवारीतली, मामांनी दाखवलेल्या त्याच जागेवरची गोष्ट. थंडी बरी होती, पाण्यावर वाफ होती. साडेसातच्या सुमारास वाफ विरळ झाली आणि पाण्यातल्या एका खडकाजवळ दोन पक्षी उभे दिसले. मी मान बघितली. दुर्बीण खाली ठेवली, साध्या डोळ्यांनी बघितले, पुन्हा दुर्बीण लावली. डावा डोळा मिटूनही बघितले. काळी. दोघांची. ते उडेपर्यंत मी बसून राहिलो. मग वहीत लिहिले आणि घरी येऊन ग्रुपवर टाकले. काळा करकोचा, दोन, सकाळी साडेसात, नदी.

बाईंनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. प्रश्नचिन्ह नव्हते. मेडिकलवाल्याने विचारले, "नदी म्हणजे कुठे?"

"पोलादपूर ते दासगाव," मी लिहिले.

फोन हातात धरून मी थोडा वेळ थांबलो. दुसरा प्रश्न आला नाही. तो विचारणारे कोणी उरले नव्हते. मग मीच खाली आणखी एक ओळ लिहिली, आणि पाठवली.

"बघितले."